माल्ट्याला निघालेलं गवत

गासडीत घातलेला हात शकूनं लगेच बाहेर काढला नाही. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली हात सारावा, तशी ऊब तिला लागली होती. सूर्य अजून पारसिकच्या डोंगरामागून वर यायचा होता. रात्रभर खाडीवरून वारा वाहिला होता. गासडीवरचा काथ्याचा दोर हाताला गार लागत होता आणि आतलं गवत मात्र ऊन. तिनं शेजारच्या गासडीत हात घातला. ती गार होती. तिच्या पलीकडची पुन्हा ऊन.

ती आली होती चुलीसाठी पडलेलं गवत वेचायला. ठाण्याच्या बंदरालगत तिच्या नवऱ्याचा, दौलतचा, दाब होता. दोन जाड फळ्या, मधे लोखंडी मळसूत्र आणि ते फिरवायला सहा गडी. गाडीभर मोकळं गवत त्यात घालून पिळलं की त्याची एवढीशी गासडी व्हायची. मोकळं गवत आगबोटीत कोण घेणार? म्हणून हा दाब. या गासड्या उद्याच्या भरतीला मचव्यातून मुंबईला जायच्या होत्या आणि तिथून आगबोटीनं माल्टा नावाच्या बेटावर. रिसाल्याचे घोडे तिकडे निघाले होते, घोड्यांना वाटेत चारा हवा होता. आणि घोड्यांबरोबर सईस म्हणून मारुती निघाला होता. शकूच्या मोठ्या दिराचा मुलगा. दिराच्या गावाहून, मोहन्याहून, तो घोड्यांचं काम शिकायला ठाण्याला आला तेव्हा ओठावर मिसरूडही नव्हतं. तेव्हापासून रिसाल्यात जाईपर्यंत शकूच्याच हातची भाकरी त्यानं खाल्ली होती.

गार गासड्या मोहन्याच्या माळावरच्या गवताच्या होत्या. ऊन गासड्या खाजणातल्या.

भरतीचं पाणी जिथवर चढतं त्या खारट जमिनीवर हे दुसरं गवत उगवतं. दुपारी ते पापडासारखं मोडतं आणि पहाटे ओल्या फडक्यासारखं मऊ पडतं, कारण त्याच्या अंगातलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाचं मडकं पाझरतं ना, तसंच. उभं असताना ढोरं ते आवडीनं खातात. पण कापून, रचून कोणी ठेवत नाही. रचलं की आतून तापतं, आणि हवा लागली नाही तर एखाद दिवशी धुमसायला लागतं. दौलतच्या गावात, माजिवड्यात, जन्मलेल्या पोरालाही हे सांगावं लागत नाही. दौलतलाही कोणी सांगायला नको होतं.

तरी त्यानं ते दाबलं होतं. ते कसं, तेही शकूला ठाऊक होतं. रिसाल्याला चारा पुरवणाऱ्या मक्तेदाराची मागणी आली तेव्हा थोरला भाऊ आनंदा, मारुतीचा बाप, यानं मोहन्याच्या सगळ्या गंज्या दिल्या, एक सोडून. शेवटची गंजी पावसाची, असा त्यांच्या बापाचा, काळुरामाचा, दंडक होता. पाऊस दारात उभा राहीपर्यंत तिला हात लावायचा नाही. दौलतनं दोनदा माणूस धाडला, आनंदा दोनदा नाही म्हणाला. मग माजिवड्याच्या जत्रेत, पालखीपुढं, कोणीतरी खिजवलं की मोहन्यावाल्यांनी हात आखडला, आता माजिवडा बसला रडत. दौलत गुलालानं माखलेला होता. तो ओरडला, "मोहन्याचं गवत पायजे कोनाला? माजिवड्याचं जाईल रूमच्या मुलखात!" रूम म्हणजे तुर्काचा मुलूख, एवढंच लोकांना ठाऊक होतं. ढोल दुप्पट वाजले. लोकांनी त्याला उचलून घेतलं. दुसऱ्या सकाळी त्यानं खाजणात विळे धाडले.

दौलत दाबापाशी दोरांच्या गाठी बघत होता. शकू त्याच्याजवळ गेली.

"अवो, खाजनाच्या गासड्या तापल्यात."

"उनात पडल्यात. तापतील नाय तर काय?"

"ऊन अजून यायचंय."

"कालचं ऊन."

"मंग मोहन्याच्या का गार?"

दौलतनं गाठ ओढून बघितली. ती घट्टच होती, तरी पुन्हा ओढली. "शकू, गवताचा धंदा तू कवापासून करायला लागलीस?"

"धंदा तुमचा. चूल माझी. ऊन काय आन् गार काय, ते मला कलतं."

"आगबोटीत वारा लागला की थंड होतील."

"तलाला भरतात. मारुतीनं सांगितलेलं. वर फल्या ठोकतात आन् त्या फल्यांवर घोडं बांधतात. घोड्यांपाशी तो निजनार."

दौलत खाडीकडं बघत म्हणाला, "मी आख्ख्या गावादेखत बोललोय. आता काय सांगू? दौलतच्या बायकोचा हात भाजला?"

शकूनं वेचलेलं गवत पदरात बांधलं आणि ती घरी आली.

घरी अंगणात गोपीनाथ मास्तरांची शाळा भरली होती. मास्तर राजापूरकडचे, ठाण्याच्या सरकारी शाळेत शिकवत आणि माजिवड्यात दौलतच्या पडवीतल्या खोलीत राहत. सुट्टीच्या दिवशीही त्यांना पोरांवाचून करमत नसे. आज त्यांनी चुन्यानं सारवणावर मोठा नकाशा काढला होता. तुळशीपाशी मुंबई. मोरीच्या दगडापाशी एडन. तिथून सुवेझचा कालवा म्हणून काठीनं ओढलेली एक रेघ, आणि पलीकडच्या समुद्रात माल्टा म्हणून एक शिंपला. आगबोट म्हणजे आंब्याचा चोखून वाळवलेला बाठा. तो हलवायचा मान शकूच्या धाकट्या मुलीला, बायजाला, मिळाला होता. बोट सुटली की रोज दोन बोटं, जास्त नाही, अशी मास्तरांची ताकीद होती.

रखमाबाई, मारुतीची आई, ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. ती आणि आनंदा काल मुंबईला जाऊन पोराला भेटून आले होते.

"मास्तर," ती म्हणाली, "माझा पोर कोनाशी लढाया चाललाय ते तरी सांगा. मुंबईत धा जनांना विचारलं. कोन बोलतं रूस, कोन बोलतं तुर्क. मारुतीलाच विचारलं, तर तो बोलला, आये, मला घोड्यांची नावं ठाव हायत, दुश्मनाचं नाय."

पोरं हसली. मास्तरांनी हातातला चुना पुसला.

"सांगतो. गेल्या साली रूसचा बादशहा तुर्कावर चालून गेला. त्याला स्वतःला फार हौस होती असं नाही. पण त्याच्या राज्यात एक मंडळी वाढली होती. ती म्हणायची, तुर्काच्या मुलखातले ते लोक आपल्या धर्माचे, आपल्या रक्ताचे. त्यांना सोडवलं नाही तर आपण कसले मोठे? एका माणसानं म्हटलं तर बादशहाला ऐकू जात नाही. पण वर्षभर हजारांनी म्हटलं तर जातं. लढाई झाली, तुर्क हरला."

"मंग संपलं की," रखमाबाई म्हणाली.

"तिथे संपायला हवं होतं. पण विलायतेतही तसलीच एक मंडळी आहे. रूस एवढा पुढे सरकला आणि आपली राणी गप्प कशी, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी नाटकशाळेत जमतात, पितात आणि आपल्या देशाच्या थोरवीची गाणी म्हणतात. तडजोडीचं बोलेल तो देशबुडवा. अशा एकाच्या घराच्या काचाही फोडल्या, असं छापून आलं होतं. आता तिथल्या प्रधानाला दाखवायचं आहे की आम्ही भ्यालो नाही. म्हणून हिंदुस्थानातली फौज माल्ट्याला. म्हणजे रूसला दिसेल, आणि नाटकशाळेलाही दिसेल."

बायजा बाठा हातात धरून ऐकत होती. "मास्तर, गानी म्हननारे जातात काय लढाया?"

"नाही बाळ. ते नाटकशाळेत असतात."

"मंग कोन जातं?"

मास्तरांनी तिच्या हातातला बाठा घेऊन तुळशीपाशी ठेवला. "हा जातो," ते म्हणाले. मग जरा हळू आवाजात पुढं म्हणाले, "आणि हे आपण अंगणात बोललो हं. शाळेत नाही. वर्तमानपत्रांवर गेल्याच महिन्यात नवा कायदा आला आहे, मास्तरांवर यायला वेळ लागणार नाही."

"एवढी मोठी मानसं," रखमाबाई तांदळातला खडा काढत म्हणाली, "त्यांना समजावनारं कोनीच नाय?"

"समजावणारे पुष्कळ असतात. पण गावादेखत बोललेला शब्द मागे कसा घ्यायचा, तिथे सगळं अडतं. राजाचंही तिथेच अडतं."

स्वयंपाकघरात चूल फुंकणारी शकू थांबली. पदरात बांधून आणलेलं गवत तिनं चुलीपुढं टाकलं होतं. त्यातलं खाजणातलं कुठलं, ते जळताना कळत होतं. ते तडतडत होतं.

जत्रेनंतरचं भावाभावांचं जेवण त्या घरात ठरलेलं असे. दोघे भाऊ आज शेजारी शेजारी बसले होते आणि शेजाऱ्यांनी वागावं तसे गोड वागत होते. मटणाचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या.

"दौलत, रूमचा बादशा जेवाया येनार हाय काय रे?" आनंदा म्हणाला. "टोपभर रस्सा केलाय."

"तू आलास तेच बस. बादशाला वेगली पंगत."

शकू भाकरी वाढत होती. लग्न होऊन आल्यापासून मोठ्या दिराशी ती कधी थेट बोलली नव्हती. रीतच तशी होती. काही सांगायचं असलं तर जावेला सांगायचं, ती नसली तर पोरांना, आणि कोणीच नसलं तर पाण्याच्या माठाकडं तोंड करून बोलायचं, म्हणजे ज्यानं ऐकायचं तो ऐकतो. आताही तिनं रखमाबाईकडं तोंड केलं.

"बाय, दादुसांना सांगा. खाजनाच्या गासड्या आतून तापल्यात."

रखमाबाईच्या हातातली पळी टोपावर थांबली. आनंदाचा घास हातात राहिला.

"खाजनाच्या?" तो म्हणाला. "दौलत, खाजनाचं गवत दाबलंस तू?"

"तू दिलं नायस. मंग काय वाऱ्याच्या गासड्या बांधू?"

"ज्या बोटीत माझा पोर हाय, तिच्यात?"

"सगल्याच बोटी त्याच्या. तो कुठल्या बोटीत हाय, मला काय चिठ्ठी आलीय?"

रखमाबाई आधी वळली ती शकूवर. "तुला सकालपासून ठाव आन् तू आता बोलतेस? भाकऱ्या झाल्यावर?"

"सकाली यांना बोलले, बाय."

"यांना बोललीस. मला नाय बोललीस. माझ्या पुढ्यात तांदूल होते, मास्तर गानी सांगत होते, आन् तू चूल फुंकत होतीस."

ती चूल फुंकत होती हे खरं होतं.

"तिला कशाला बोलतेस, वयनी?" दौलत म्हणाला. "दादूसला विचार. एक गंजी. मी एक गंजी मागितली. गंजीवर साप होऊन बसलाय."

"बापसाचा शब्द हाय," आनंदा म्हणाला.

"बापूस गेला."

"बापूस गेला, बैल हायत. गेल्या साली दुष्काळात देशावरची ढोरं घाटातनं उतरली, तू बघितलीस? मी बघितली. नदीला पानी होतं, ते पिऊन तिथंच बसली, उठली नाय. चाऱ्याची काडी नव्हती कोनाकडं. आमच्या गंजीतलं दिलं, तवा आमचे बैल वाचले आन् चार त्यांचे. यंदा पाऊस लांबला तर? गंजी माझी एकट्याची नाय. निम्म्या मोहन्याचा डोला तिच्यावर हाय."

तो उगाच बोलत नव्हता. शकूला ते कळत होतं, आणि रखमाबाईलाही, कारण ती ढोरं तिनंही बघितली होती. तरी रखमाबाई आता नवऱ्याकडं वळली.

"बैलांसाठी राखलीत. बरं केलंत. आन् पोरासाठी काय राखलंत?"

"तू मधी बोलू नको."

"का? पोर काय गंजीवर सापडला मला?"

"बाय बोलतात ते खरं हाय," शकू म्हणाली. तिनं हे माठाकडं बघून म्हटलं, पण माठाला सांगतात त्याहून मोठ्यानं.

"बायकांनी यात पडू नये," आनंदा म्हणाला, आणि नेमकं तेच दौलतही म्हणाला, त्याच दमात. पंधरा दिवसांत दोघा भावांचं एकमत झालं ते एवढ्यावर. दोघांनाही ते जाणवलं, आणि दोघांनीही मान खाली घालून भाकरी मोडली.

रखमाबाई आणि शकूनं एकमेकींकडं बघितलं. मघाचा राग रखमाबाईच्या तोंडावरून गेला नव्हता, पण त्यानं आता जागा बदलली होती.

शकूनं परात खाली ठेवली. पदर डोक्यावरून नीट ओढला आणि ती मोठ्या दिराच्या पानासमोर जाऊन उभी राहिली.

"दादूस," ती म्हणाली, "तुमी उठा. हात घालून बघा. मंग येऊन जेवा."

ओटीवर जेवणारे मास्तर घास चावायचे थांबले. दौलतनं बायकोकडं बघितलं, ती नवीनच कोणी आल्यासारखं. आनंदानं तिच्याकडं बघितलं नाही, बघायची रीत नव्हती. तो पानाकडं बघत राहिला. जत्रेचं पान अर्धं टाकून उठणं चांगलं नसतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्यानं ताटाभोवती पाणी फिरवलं आणि तो उठला.

बंदरावर गुणाजी तांडेलाचा मचवा लागला होता. निम्म्या गासड्या चढल्या होत्या. जत्रेसाठी येऊन राहिलेले पाहुणे, रिकामे गडी, पालखीपुढं नाचलेले जवान, सगळे सावलीला बसून विड्या ओढत होते. आनंदा कोणाशी न बोलता गासड्यांपाशी गेला आणि एकीत कोपरापर्यंत हात घातला. शकू आणि रखमाबाई मागं, दाबाच्या खांबाआड उभ्या राहिल्या. तिथून शकूला त्याचं तोंड दिसत होतं. त्यानं डोळे मिटले होते. गाभण गाईच्या पोटावर हात ठेवून वासरू हलतं का बघतात, तसा तो उभा होता.

"दोर काप," तो म्हणाला.

दौलतनं कोयता मारला. गासडी सुस्कारा टाकून उघडली. वरचं गवत पिवळं होतं, आतलं तपकिरी. भिजल्या तंबाखूसारखा वास आला आणि भर दुपारच्या उन्हातही आतून वाफ निघताना दिसली.

माणसं उठून भोवती आली. गुणाजी मचव्यावरून वाकला. "शेट, या गासड्या माझ्या मचव्यात नको. लाकूड हाय माझं."

"भितोस काय रे गुनाजी?" गर्दीतून भिवा म्हणाला. पालखीपुढं दौलतला खांद्यावर घेणाऱ्यांत हा पहिला होता. "दौलतशेट, मोहन्याची मानसं आली, हात घातला, आन् आपलं गवत वाईट झालं? माजिवड्याच्या नाकाचा सवाल हाय. आपून बोललेलो."

"बोललेलो," आणखी दोघांनी म्हटलं.

शकूनं नवऱ्याकडं बघितलं. त्याच्या हातात कोयता होता. समोर वाफ निघत होती, मागं गर्दी होती. त्याला सगळं दिसत होतं, त्याला सगळं कळत होतं, आणि तरी त्याचं तोंड उघडलं तेव्हा काय बाहेर येणार हे तिला आधीच समजलं.

"भरा," दौलत म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण पालखीपुढचा.

गडी हलले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. दोघांनी एका गासडीला हात घातला.

"थांबा रे," आनंदा म्हणाला. त्यानं धोतराच्या टोकाला हात पुसला. "भिवा, चूक माझी हाय. मोहन्याचं गवत द्यायचं मीच कबूल केलेलं. माझे पडाव येलेवर आले नाय. तवर जागा अडवाया या गासड्या रचून ठेव, असं मीच दौलतला बोललो. या बोटीत जायच्याच नव्हत्या. त्यानं माझा शब्द राखला, म्हनून गावाला बोलला नाय."

हे खोटं होतं. निम्म्या गासड्या मचव्यात होत्या, प्रत्येकीवर मक्तेदाराचा छाप होता, आणि तो छाप ज्यांनी मारला ते तिथंच उभे होते. पण थोरला भाऊ चारचौघांत चूक पदरात घेतो, तेव्हा ‘नाही, तुझी नाही’ असं कोण म्हणणार? भिवानं इकडंतिकडं बघितलं. त्याला भांडायला समोर कोणी उरलं नव्हतं.

"असं हाय काय," तो म्हणाला. "मंग आधी सांगायचं ना, दौलतशेट."

दौलत भावाकडं बघत होता.

"उतरव, गुनाजी," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, कोयता दाबाच्या फळीवर ठेवत, "दादूस, गंजी देतोस तर बैल इकडं धाड. सगल्यांचे. खाजन अजून अर्धं उभं हाय. पाऊस पडंतवर चरतील."

"खारट गवत खातील काय आमचे?"

"चाटूनपुसून खातील. तुझ्या बायकोच्या कालवनापरीस बरं लागंल."

रखमाबाईनं खांबाआडून ऐकलं. एरवी तिनं याला सोडलं नसतं.

मोहन्याची शेवटची गंजी त्याच रात्रीच्या ओहोटीला पडावातून खाली निघाली. दुसरा सगळा दिवस दाब फिरत होता. माजिवड्याचे गडी दमले तेव्हा मोहन्याच्या माणसांनी खांदा दिला, आणि एका फेरीला दोघे भाऊही मळसूत्राच्या दांड्याला लागले. गासड्या मचव्यात चढवण्याआधी शकूनं प्रत्येकीत हात घालून बघितला. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी अडवलंही नाही.

मचवा गेल्यावर मास्तर पडवीत बसले होते. शकू दिवा लावायला आली तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, आनंदरावांनी काल बंदरावर जे सांगितलं, तसलं एकच वाक्य शोधायला युरोपातले सगळे प्रधान आता कुठेतरी जमतील बघा. रूसनं मागे सरकायचं, पण हरला असं दिसायचं नाही. विलायतेनं गप्प बसायचं, पण भ्याली असं दिसायचं नाही. त्यांना महिने लागतील."

"त्यांच्यात थोरला कोन हाय?" शकूनं विचारलं.

मास्तरांनी विचार केला. पोरांनी प्रश्न विचारल्यावर ते असाच वेळ घेत, आणि उत्तर नसलं तर नाही म्हणत.

"तीच अडचण आहे," ते म्हणाले.

बैल आले ते रखमाबाईला घेऊनच आले. वाटेत दोन ठिकाणी पाणी उतरून आल्यानं त्यांचे पाय चिखलानं भरले होते. पहिल्या दिवशी त्यांनी खाजणाचं गवत हुंगलं, दुसऱ्या दिवशी ते तिथून हलायला तयार होईनात. मोहन्याचे गुराखी आणि माजिवड्याचे मिठागरातले गडी एकाच झाडाखाली बसून एकमेकांच्या गावाला नावं ठेवू लागले, म्हणजे सगळं ठीक होतं. पाऊस वेळेवर येईल की नाही, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं. आनंदा रोज मोहन्याला रिकाम्या खळ्यावर जाऊन उभा राहतो, असं गुराखी सांगत. गंजीच्या जागी जमिनीवर नुसता गोल डाग राहिला होता.

टाकून दिलेल्या गासड्या दौलतनं मिठागराच्या बांधापलीकडं, उघड्यावर, एकावर एक रचून ठेवल्या होत्या. सोडवून पसरायला त्याला वेळ झाला नव्हता, किंवा त्याला त्यांना पुन्हा हात लावायचा नव्हता.

एका दुपारी रखमाबाई अंगणात वाल सोलत बसली होती. तिनं मान वर केली.

"काय जलतंय गो तिकडं?"

शकूनं ओटीवरून बघितलं. बांधापलीकडून धूर चढत होता. आधी दोरीसारखा बारीक, मग जाड, आणि मग खाली लाल दिसायला लागलं. बांधावर दौलत उभा होता. पाणी आणायला तो पळाला नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून तो बघत होता.

"खाजनाच्या गासड्या, बाय."

"कोनी पेटवल्या?"

"कोनी नाय."

रखमाबाईच्या मांडीवरचं सूप तसंच राहिलं. वाऱ्यानं धूर आधी खाडीकडं गेला, मग फिरून घरांवर आला. त्यात मिठाची तडतड ऐकू येत होती.

"बायजा," रखमाबाईनं हाक मारली. "आज मारुती कुठं हाय गो?"

बायजा नकाशापाशी पळत गेली. मोरीच्या दगडाजवळ बाठा उभा होता. तिनं दोन बोटं मोजून तो पुढं सरकवला.

"एडनच्या पुढं गेला, मोठे आये."

रखमाबाई उठली. नकाशापाशी आली आणि उकिडवी बसून बघत राहिली. धुराची सावली सारवणावरून सरकत होती, तुळशीवरून, मुंबईवरून.

"आनखी सरकव," ती म्हणाली.

"मास्तर बोलतात, रोज दोनच बोटं."

"सरकव गो."

बायजानं आईकडं बघितलं. शकूनं मान हलवली, आणि बाठा आणखी वीतभर पुढं गेला.